बोट लागू नये म्हणून

मराठीत ‘बोट लागणे’ या प्रयोगाला दोन अर्थ आहेत. बोट धक्क्याला लागते आणि बोट माणसालाही लागते. पहिला अर्थ सुटकेचा, दुसरा पोट ढवळून काढणारा. मुंबई-गोवा मार्गावरची जुनी कोकण बोट बंद होऊन तीन दशकांहून अधिक काळ लोटला आणि त्याबरोबर हे दोन्ही अर्थ आपल्या बोलण्यातून मागे पडले. २०१८ साली ‘आंग्रिया’ त्याच मार्गावर सुरू झाली, पण तीही टिकली नाही. २०२१ पासून मात्र मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा मोठ्या क्रूझ निघू लागल्या आणि आमच्यासारखी माणसे, ज्यांनी बोटीचा प्रवास केवळ पुस्तकांतून वाचला होता, तिकिटे काढू लागली. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे तीन रात्रींसाठी जाऊन आलो. तेव्हापासून महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये सहकारी आम्हाला नाना प्रश्न विचारतात. त्या सर्वांना एकदाच उत्तर द्यावे, म्हणून हे लेखन.

आमच्याबरोबर आई होती. आमच्यापैकी एकीची आई, वय चौऱ्याहत्तर, माहेर अलिबाग तालुक्यातले. तिचे सगळ्यांत थोरले काका ‘रामदास’ बोटीवर गेले. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. जी वाचली त्यांतल्या पुष्कळांना रेवसच्या बाजूच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले. आईचा जन्म त्यानंतरचा. तरीही त्या घरातल्या मुलीबाळींना पुढे कधी बोटीत बसू दिले गेले नाही. मुंबईला जायचे ते पनवेलवरून, एसटीने. त्यामुळे समुद्र अंगणापलीकडे असूनही आईचा हा पहिलाच जलप्रवास होता. ती आपण होऊन ‘येते’ म्हणाली, याचे आम्हाला आश्चर्य वाटले होते.

आता व्यवहाराकडे वळू. भिवंडी हे एके काळचे खाडीबंदर असले, तरी आज इथून समुद्र गाठायचा तो ट्रकांच्या गर्दीतून. गोदामांकडे जाणारे कंटेनर कशेळीच्या किंवा मानकोलीच्या बाजूला अडकले, की दोन तास कसे जातात हे आपल्याला ठाऊक आहे. बोट कोणासाठीही थांबत नाही. तिचे दार सुटण्याच्या बरेच आधी बंद होते. म्हणून सकाळीच ठाण्याला पोहोचावे, लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठावे. तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने जवळ आहे.

मोठी बॅग धक्क्यावरच आपल्या हातून घेतली जाते आणि खोलीच्या दाराशी येते ती काही तासांनी. म्हणून औषधे, चष्मा, ओळखपत्र आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत हवा. हा सल्ला आमचा नव्हे. भिवंडीतील अनेक वडीलधारी मंडळी पूर्वी मुंबईहून जेद्द्याला बोटीने हजला जात. तो जलमार्ग १९९५ साली बंद झाला. त्या वाटेने जाऊन आलेल्या एका सहकाऱ्याच्या वडिलांनी आम्हाला निघण्यापूर्वी एवढेच सांगितले, “दवा आणि कागद पोटाशी धरा, बाकीचे सामान कुठे ना कुठे सापडतेच.”

खोली निवडताना खिडकीपेक्षा जागा पाहावी. बोटीच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर हेलकावा सर्वांत कमी जाणवतो. नाळेकडच्या आणि वरच्या खोल्यांत अधिक. बोट लागण्याचा त्रास होणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्यावी; मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. रक्तदाबाची औषधे चालू असतील तर हे विचारणे टाळूच नये. पोट रिकामे नसावे आणि तुडुंबही नसावे. मोबाइलमध्ये डोके न खुपसता क्षितिजाकडे पाहावे. आल्याच्या वड्या सोबत ठेवाव्यात. शक्य असेल तर पावसाळा टाळून जावे; नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यावर न जाण्याची कोळ्यांची रीत अनुभवातून आलेली आहे.

तिकिटात काय येते आणि काय नाही, हे लेखी विचारून घ्यावे. जेवण बहुधा येते. मद्य, किनाऱ्यावरच्या सहली, कर आणि सेवाशुल्क यांचा हिशेब पुष्कळदा वेगळा असतो. बोटीवरचा खर्च खोलीच्या खात्यावर चढतो, म्हणून तो रोज पाहावा. किनारा दृष्टीआड झाल्यावर मोबाइल ‘एअरप्लेन मोड’वर टाकावा, नाहीतर बोटीवरचे नेटवर्क पकडून भरमसाट बिल येऊ शकते. इस्त्री, किटली, मेणबत्ती, उदबत्ती नेऊ नये. बोटीवर आगीचे भय पाण्याहून मोठे. आईने निरांजन बॅगेत घातले होते, ते आम्ही निघण्याआधीच काढले. संध्याकाळी तिने डेकवर उभे राहून मावळत्या सूर्याला हात जोडले, तेवढ्यावर तिचे समाधान झाले.

मात्र या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. सुरुवातीलाच प्रवाशांना आपापल्या जमण्याच्या जागी बोलावून लाइफ जॅकेट कसे घालायचे ते दाखवतात. सात आखूड भोंगे आणि एक लांब भोंगा, हा सर्वत्र मान्य असलेला धोक्याचा इशारा समजावतात. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटली आणि ३२ जण दगावले. त्याच दिवशी बोटीवर चढलेल्या शेकडो प्रवाशांची ही कवायत तोवर झालेलीच नव्हती. पुढे नियम बदलला आणि २०१५ पासून ही कवायत बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले.

आमच्या बोटीवर या वेळी निम्मी मंडळी सेल्फीत रमली होती. आई मात्र पट्ट्याचे बक्कल तीनदा लावून, तीनदा काढून पाहत होती. नंतर तिने आम्हाला खोलीपासून त्या जागेपर्यंत जिन्याने चालत नेले, लिफ्टने नव्हे, आणि पायऱ्या मोजल्या. “रामदास एका अंगावर कलली तेव्हा सगळी माणसं घाबरून एकाच बाजूला धावली, म्हणून उलटली, असं बाबा सांगायचे,” ती म्हणाली. “कुठे जायचं ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.” तिच्या घराने सत्त्याहत्तर वर्षे समुद्राला दोष दिला होता. तिचा स्वतःचा प्रश्न एवढाच होता, की माणसांना काही सांगितले होते का.

तेव्हा, सहकारी मित्रहो, खोली कितीही सुंदर असो, आधी आपली जमण्याची जागा पायी जाऊन पाहा आणि बरोबरच्या म्हाताऱ्या माणसांना व मुलांना ती दाखवा. याला दहा मिनिटे लागतात. मग पोटभर जेवा, संगीत ऐका, रात्री डेकवर जाऊन तारे पाहा. शहराच्या उजेडात ते दिसत नाहीत. शेवटच्या रात्री मोठी बॅग दाराबाहेर ठेवायला सांगतात, तेव्हा सकाळचे कपडे आणि चपला बाहेर काढून ठेवायला विसरू नका.

२०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुटते. येत्या दिवाळीत माहेरी त्याच वाटेने जाईन, असे आई म्हणते आहे.