मामांचा समुद्र

मामांनी उभं आयुष्य सिद्धेश्वर धरणावर गळ टाकला, पण समुद्र पाहिला नाही. आता डोळ्यांत मोतीबिंदू. तरी दोरी हलली की कटला की मरळ, हे त्यांची बोटं सांगतात.

मी मोबाईलवर सगळं जुळवलं. सोलापूर, कोल्हापूर, मालवण. पहाटे रापण ओढताना बघायची, मग खडकावरून गळ. सोयाबीन पेरून झालेलं असतं म्हणून जुलै धरला. आणि कळलं, १ जून ते ३१ जुलै बोटींची मासेमारी बंद! माशांच्या विणीचा काळ, त्यात खवळलेला समुद्र. खडकावर उभं राहणंही जिवावरचं.

वैतागून फोन केला. मामा म्हणाले, "समुद्राला बी लेकरं असतेत की."

पावसाळ्यात मरळीची तांबूस पिल्लं झुंडीनं फिरतात, खाली आईबाप राखण करतात. तिथं मामा गळ टाकतच नाहीत. त्यांना कुणी नियम सांगितला नव्हता.

आता नारळी पौर्णिमेनंतर, सोयाबीन काढणीच्या आत जायचंय. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन लांबवू नका. नंतर महिनाभर डोळ्यांत पाणी जायला नको. मामा म्हणतात, आधी समुद्र. मी म्हणतो, नीट दिसेल तेव्हा बघा की. रोज रात्री फोनवर हेच भांडण.