ट्रंकेतलं निळं पोस्टर

पाटोदा, जि. बीड

चि. मुक्ता,
सप्रेम जय भीम.

अॅमस्टरडॅमच्या दुकानात काचेमागे लावलेल्या, पॅरिसच्या 1968 सालच्या पोस्टरचा तू पाठवलेला फोटो मिळाला. आंदोलनांची जुनी पोस्टरं लोक आता चित्रांसारखी विकत घेतात, हे ऐकून होतो. किंमत पाहून मात्र चाट पडलो. आणि आजोबांच्या ट्रंकेतलं निळं पोस्टर तू तुझ्या घरात लावायला मागितलंस. पाठवायचं की नाही ते पुढं सांगतो, आधी ते काय आहे ते नीट समजून घे.

27 जुलै 1978 ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला. लगोलग मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंचा जीव घेतला गेला. ठराव कागदावरच राहिला. तो प्रत्यक्षात उतरायला 14 जानेवारी 1994 उजाडलं. मधली साडेपंधरा वर्षं मोर्चे, धरणे, तुरुंग. नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे निघालेला 1979 चा लाँग मार्च त्यातलाच. आपलं पोस्टर त्या दिवसांतलं आहे.

त्यावर तारीख छापलेली नाही, कारण ते एका सभेसाठी छापलंच नव्हतं. वर मोठ्या लाकडी खिळ्यांत 'नामांतर झालेच पाहिजे', आणि खाली 'स्थळ' आणि 'वेळ' यांच्यापुढं कोरी जागा. एकदाच छापायचं, गावोगाव वाटायचं आणि ज्या गावात सभा असेल तिथल्या पोरांनी शाईनं जागा भरायची. आपल्या प्रतीवर आजोबांच्या अक्षरात 'पाटोदा' लिहिलंय.

आता त्या घोषणेकडे जरा निरखून बघ. तिच्यात काना चार वेळा येतो. पहिले तीन एका उंचीचे आहेत, 'पाहिजे'मधला मात्र बोटभर आखूड. छापखान्यात त्या मापाचे तीनच काने असणार. जुळाऱ्यानं चौथा लहान मापातला घेतला आणि ओळ पुरी केली. पोस्टर थांबलं नाही. कुणी मला या पोस्टरमधली कला कोणती असं विचारलं, तर मी त्या आखूड कान्यावर बोट ठेवीन.

मागची बाजू तर त्याहून बोलकी आहे. वाळलेल्या खळीचे पापुद्रे आणि त्यात अडकलेला भिंतीचा चुना. आंदोलनाची जी पोस्टरं आज धडधाकट मिळतात ती बहुतेक न चिकटवलेली, गठ्ठ्यात उरलेली. जी भिंतीवर गेली ती उन्हापावसानं खाल्ली, नाहीतर कुणी रात्री फाडली. आपलं भिंतीवर जाऊन परत आलेलं आहे. सभा झाल्यावर आजोबांनी ते पाणी मारून, हळूहळू सोडवून घेतलं होतं.

ट्रंकेत बाकीही कागद आहेत. क्रांतिसिंह नाना पाटील 1967 मध्ये आपल्या बीडमधून खासदार झाले, तेव्हाचं विळा-कणसाचं हस्तपत्रक. ऊसतोडीच्या संपात वाटलेली पत्रकं. आणीबाणीतली सायक्लोस्टाइलची दोन पानं. या पानांवर मुद्रकाचं नाव नाही. 1867 च्या कायद्यानं प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण टाकावं लागे. आणीबाणीत ते टाकणं म्हणजे स्वतःहून अटक ओढवून घेणं. म्हणून जुना कागद हातात आला की मी आधी तळाची मुद्रकाची ओळ वाचतो. विकणारे नेमकी तीच कापून टाकतात, चौकटीत बसत नाही म्हणून. याचा मला मनापासून राग येतो.

पॅरिसची ती पोस्टरं ज्या 'अतेलिए पोप्युलेर' या विद्यार्थ्यांच्या कार्यशाळेत छापली गेली, तिथल्या मुलांनी तेव्हाच बजावलं होतं की ही लढ्याची हत्यारं आहेत, शोभेसाठी भिंतीवर लावू नका. मला त्यांचं निम्मं पटतं. जपलं नसतं तर आज तुला दिसलं काय असतं? पण लढा पुसून नुसता रंग आणि अक्षर विकायचं, हे मलाही मान्य नाही. नामांतरासाठी ज्यांची घरं जळली त्यांच्या नावाविना हे पोस्टर कुणाच्या दिवाणखान्यात लागू नये.

म्हणून मूळ पोस्टर पाटोद्यातच राहील. ते आता सपाट ठेवलंय, घडी न घालता, मध्ये पातळ कागद घालून. लॅमिनेशन करू दिलं नाही. त्यानं कागद कायमचा अडकतो. तुला मूळ मापाची नक्कल पाठवतो, पाठीमागच्या बाजूचीसुद्धा. दोन्ही शेजारी शेजारी लाव, तळाची ओळ दिसू दे आणि खाली पोचिराम कांबळेंचं नाव मराठीत लिही.

आणखी एक काम कर. तुझ्याच अॅमस्टरडॅम शहरात सामाजिक इतिहासाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, 1935 साली स्थापन झालेली. मार्क्सची हस्तलिखितं तिथं आहेत आणि जगभरच्या चळवळींची हजारो पोस्टरंही. एखाद्या सुट्टीत जा, मराठीतलं काय ठेवलंय ते विचार आणि मला कळव. नामांतराचं काहीच नसेल तर आपल्या पोस्टरची एक नक्कल त्यांनाही देऊ.

तुझा,
मामा