खुनी नंतर ठरतो!

अगाथा ख्रिस्तीला खुनी कोण हे सुरुवातीला ठाऊकच नसायचं! निदान नेहमी तरी नसायचं. तिच्या मागे राहिलेल्या ७३ वह्यांमध्ये एकाच कादंबरीसाठी ‘याने केला तर?’, ‘तिने केला तर?’ असे वेगवेगळे खुनी उभे करून बघितलेले सापडतात. मधेच घरच्या सामानाच्या याद्या, पुढे पुन्हा विषप्रयोग. प्रसंग सुचतील तसे टिपायचे, त्यांना ए, बी, सी अशी अक्षरं द्यायची आणि मग नुसती अक्षरं मागेपुढे सरकवून कथानक लावायचं. जॉन करन यांनी या वह्यांवर २००९मध्ये पुस्तक लिहिलं. ते वाचल्यापासून मी पनवेलमध्ये भेटेल त्याला हेच ऐकवत सुटलेय, आणि लोक आता मला बघून रस्ता ओलांडायला लागलेत.

पण राहवतच नाही! इतकी वर्षं कथा ‘सुचते’ एवढंच ऐकलेलं. मुलाखतीत लेखक छताकडे बघत सांगतात, पात्रं आपोआप बोलायला लागली. लागतही असतील. नेमाड्यांनी १९६३ साली ‘कोसला’ काही दिवसांत झपाटल्यासारखी लिहून काढली, हे प्रसिद्धच आहे. पण त्याच नेमाड्यांची ‘हिंदू’ यायला २०१० उजाडलं. मधल्या काळात काय चालतं, कुठे लिहून ठेवतात, शंभर पात्रांची वयं कशी लक्षात राहतात, हे कुणी का सांगत नाही?

तर ऐका. नाबोकोव छोट्या कार्डांवर लिहायचा, म्हणजे कोणताही प्रसंग कधीही लिहा आणि मग गड्डी पिसा. त्याची शेवटची अपुरी कादंबरी १३८ कार्डांवरच राहिली. फॉकनरने ‘अ फेबल’चा आराखडा अभ्यासिकेच्या भिंतीवर लिहिला, वारांप्रमाणे, आणि तो आजही तिथे आहे. (आमच्या घरात हे केलं असतं तर आईने आधी मला रंगवलं असतं.) सत्यजित राय यांच्या लाल कापडी बांधणीच्या वह्या तर लक्ष्मीपूजनाला दुकानदार पुजतात थेट तसल्या, आणि आत जमाखर्चाऐवजी संवाद, पोशाख, चित्रं!

आणि आपल्याकडे? या प्रश्नाचं उत्तर मिळालं तेव्हा मी लिमये वाचनालयात जवळजवळ ओरडलेच. ‘श्रीमान योगी’च्या सुरुवातीला नरहर कुरुंदकरांचं ते भलंमोठं पत्र आहे ना? कथा लवकर सुरू व्हावी म्हणून आपण सगळे जी पानं भराभर उलटतो, ती? ते पत्र रणजित देसाईंना कादंबरीच्या तयारीच्या काळात लिहिलेलं आहे. शिवचरित्रातले वादाचे मुद्दे कोणते, कोणत्या साधनावर किती भिस्त ठेवायची, हे एक अभ्यासक एका कादंबरीकाराला खडसावून, समजावून सांगतोय. म्हणजे कादंबरीचं कच्चं सामानच पुस्तकाच्या दारात मांडून ठेवलंय! मला तर आता ते पत्र आधी आणि महाराज नंतर, असं झालंय. श्री. ना. पेंडशांचं ‘लेखक आणि माणूस’ हे आत्मचरित्रही त्याच दिवशी घरी आणलं.

मात्र वेड लावलं ते जोसेफ हेलरच्या तक्त्याने. ‘कॅच-२२’साठी त्याने एका मोठ्या कागदावर चौकटी आखल्या. उभ्या रकान्यांत पात्रं, आडव्या ओळींत काळ. एका नजरेत दिसतं की हा विमानात असताना तो काय करत होता. रोलिंगनेही हॅरी पॉटरच्या पाचव्या भागासाठी साध्या रेघी कागदावर असाच तक्ता हाताने आखला होता, प्रकरणवार.

मग काय, उरण नाक्यावरून कार्डशीट आणलं आणि पनवेलच्या एका घराची गोष्ट त्यावर मांडायला घेतली. आजोबा, मोठा मुलगा, आत्या, नातू असे चार रकाने. डाव्या बाजूला खरी सालं. १९७० : नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना. १९८४ : जानेवारीत जासई परिसरात जमिनीसाठीचं आंदोलन, दि. बा. पाटलांचं नेतृत्व, गोळीबार, पाच शेतकऱ्यांचा मृत्यू. १९९८ : हार्बरची लोकल पनवेलपर्यंत. २००२ : मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे पुरता खुला. २०२५ : नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन. एवढं लिहिलं आणि तक्ता स्वतःच प्रश्न विचारायला लागला! नातू २००० साली कॉलेजात असेल तर तो पनवेलला गाडीत चढतो, म्हणजे त्याला खिडकी मिळते. पण त्याच्या बापाला १९८५ साली मुंबईला जायचं तर लोकल नाहीच, एसटीच्या रांगेत उभं राहा. बापलेकांचं भांडण या एका फरकातून उभं करता येईल, हे मला कुठल्याही छताकडे बघून सुचलं नसतं.

आणि सगळ्यात भारी म्हणजे रिकाम्या चौकटी. १९८४च्या ओळीत आजोबा आहेत, मुलगा मोर्चात आहे, आणि आत्याचा रकाना कोरा. सगळे पुरुष रस्त्यावर असताना ही कुठे होती? घर कोण सांभाळत होतं, की तीही जासईला होती आणि घरात ते कुणी बोलतच नाही? आजोबांना नायक करायचं ठरवून बसले होते. आता कादंबरी आत्याची होणार असं दिसतंय.

प्रसंगांसाठी नाबोकोवसारखी कार्डं, काळासाठी तक्ता आणि ऐकीव गोष्टींसाठी एक लाल कापडी वही, अशी विभागणी सध्या केलीये. वहीत प्रत्येक नोंदीखाली कुणी सांगितलं आणि तेव्हा त्यांचं वय काय होतं, हे टाकते. कुरुंदकरांचा धाक आहे. १९८४ साली विशीत असलेल्या उरण-पनवेलकडच्या बायकांशी बोलायचंय; तुमच्या घरात कुणी असतील तर त्यांना सांगून ठेवा, मी येतेय.