माप घेणारी बाई

बेळगाव हे कापडाचं गाव. शहापूर आणि वडगावच्या मागांवर साड्या विणल्या जातात, गुळेदगुड्डचे खण आणि इलकलच्या साड्या इथल्या दुकानांतून पिढ्यान्‌पिढ्या खपत आल्या आहेत, आणि लग्नाचा बस्ता बांधायला खानापूरपासून चंदगडपर्यंतची माणसं खडेबाजार, गणपत गल्लीचा रस्ता धरतात. निपाणीची पेठ त्या मानाने लहान, पण कोल्हापूर तिथून चाळीसेक किलोमीटरवर आहे, तेव्हा निपाणीकरांनाही कपड्याची उणीव भासत नाही. या साऱ्या भागात एखादीला झंपर शिवायचा असला, तर शिंपी किंवा शिवणकाम करणारी बाई तिची उंची, छाती, कंबर, खांदा, मुंढा, बाहीची लांबी, दंडाचा घेर, पुढचा गळा, मागचा गळा अशी नऊ-दहा मापं वहीत उतरवून घेते. तीच स्त्री ब्रा घ्यायला गेली की तिला एकच प्रश्न विचारला जातो, "ताई, साईज काय?" ती जो आकडा सांगते तो तिला आईने, बहिणीने किंवा मैत्रिणीने कधीतरी सांगितलेला असतो, नाहीतर आधीच्या ब्राच्या लेबलवरून पाठ झालेला असतो. तो बरोबर आहे का, हे कोणी तपासत नाही. माझं म्हणणं असं आहे की इथल्या स्त्रीला आणखी एका ब्रँडचं दुकान मिळालं तर हरकत नाही, पण तिची खरी गरज आहे ती माप घेऊन, कपडा घालायला लावून, तो बसला की नाही हे नीट बघून सांगणाऱ्या शिकलेल्या बाईची. आणि ही बाई मुंबई-बेंगळुरूहून आणावी लागणार नाही. ती इथेच शिलाई मशीनवर बसलेली आहे.

ब्राच्या मापात दोन गोष्टी असतात. आकडा छातीखालच्या पट्ट्याचा, म्हणजे स्तनांच्या लगेच खाली बरगड्यांभोवती जो घेर भरतो त्याचा. अक्षर कपाचं, आणि ते ठरतं छातीचा सर्वांत भरलेला घेर आणि खालचा घेर यांच्यातल्या फरकावर. ढोबळ हिशेब असा : एक इंच फरक म्हणजे ए, दोन म्हणजे बी, तीन म्हणजे सी, चार म्हणजे डी. आता खालचा घेर ३० इंच आणि वरचा ३४ इंच असलेल्या मुलीचं उदाहरण घेऊ. तिचं माप ३० डीच्या आसपास येतं. पण दुकानात छाती चौतीस म्हणजे चौतीस नंबर असा हिशेब होतो आणि तिच्या हातात ३४ बी पडते. गंमत म्हणजे ३० डी, ३२ सी आणि ३४ बी या तिन्हींचा कप जवळजवळ एकाच मापाचा असतो. त्यामुळे ३४ बीचा कप तिला साधारण बसतो आणि काही चुकतंय अशी शंकासुद्धा तिला येत नाही. चुकलेला असतो तो पट्टा. स्तनांचा भार मुख्यतः या पट्ट्याने पेलायचा असतो. तो सैल असला की पाठीकडून वर सरकतो, मग ती स्ट्रॅप आवळते, सगळा भार खांद्यांवर येतो आणि संध्याकाळपर्यंत खांद्यावर लाल वळ उमटतात. यावर ती उपाय काय करते, तर पुढच्या वेळी आणखी मोठा नंबर घेते. एका चुकीच्या आकड्यातून सुरू झालेला हा फेरा कित्येकींच्या बाबतीत जन्मभर चालतो, आणि त्या तो बाईच्या जातीचा भोग म्हणून सोसत राहतात. मला सर्वांत जास्त खुपतं ते हे सोसणं, कारण ते टाळायला एक टेप, एक जाणती नजर आणि दहा मिनिटं पुरेशी आहेत.

हे असं का झालं, याचं कारण या कपड्याच्या इतिहासात सापडतं. आपल्याकडची खणाची चोळी अंगावर बेतलेली असायची. पुढे गाठ मारायची असल्यामुळे ती किती आवळायची हे घालणारीच्या हातात असे, आणि घरातलीच कोणी जाणती बाई किंवा ओळखीचा शिंपी ती बेतून देई. ब्रा मात्र आपल्याकडे आली ती तयार माल म्हणूनच. मेरी फेल्प्स जेकब या अमेरिकन बाईने तिचं पेटंट १९१४ साली घेतलं, कपाला ए-बी-सी-डी अशी अक्षरं लावण्याची पद्धत तिकडे १९३०च्या दशकात रुळली, आणि ती मापं पुढे पुठ्ठ्याच्या खोक्यांवर छापून जगभर गेली. खोकं आलं, पण त्यावरचे आकडे आणि अक्षरं समजावून सांगणारं माणूस त्याच्याबरोबर आलं नाही. आजही आपल्याकडे झंपर मापाने शिवला जातो आणि त्याच्या आतला कपडा अंदाजाने विकत घेतला जातो. वास्तविक झंपराचं माप घेतलं जातं ते ब्राच्या वरून. आतली सैल किंवा चुकीच्या कपाची असली की टक्स भलतीकडे पडतात, कटोरी चुकते, आणि दोष शिवणारीच्या माथी येतो. म्हणजे आतल्या कपड्याचं माप कळणं हे शिवणकाम करणाऱ्या बाईच्याही हिताचं आहे.

ऐंशी टक्के स्त्रिया चुकीच्या मापाची ब्रा घालतात, हे वाक्य जाहिरातींतून सारखं कानावर पडतं. विकणाऱ्यांनी पसरवलेल्या आकड्यावर विश्वास का ठेवायचा, असा आक्षेप कोणी घेतला तर तो रास्त आहे. या आकड्यांमागे विद्यापीठांतले अभ्यास आहेत, पण ते लहान आहेत. वुड आणि सहकाऱ्यांच्या २००८च्या अभ्यासात अवघ्या ३० तरुणी होत्या. ऑस्ट्रेलियातल्या वोलोंगाँग विद्यापीठाच्या मॅकगी आणि स्टील यांनी २०१० साली १०४ जणी तपासल्या आणि त्यांतल्या ८५ टक्के जणींची ब्रा नीट बसत नसल्याचं नोंदवलं. बेळगाव-निपाणीच्या बायकांचं प्रमाण यावरून ठरवता येणार नाही, हे मला मान्य आहे. पण या संशोधनातला मला मोलाचा वाटणारा भाग टक्केवारीचा नाही. इंग्लंडमधल्या पोर्टस्मथ विद्यापीठाच्या व्हाइट आणि स्कर यांनी २०१२ साली ४५ स्त्रियांवर दोन पद्धती ताडून पाहिल्या. एक टेप लावून आकडा काढण्याची रूढ पद्धत, दुसरी ब्रा अंगावर घालून ती कशी बसते हे निकषांनी तपासण्याची. टेपच्या पद्धतीत ७६ टक्के जणींचा पट्टा गरजेपेक्षा मोठा निघाला आणि ८४ टक्के जणींचा कप लहान. म्हणजे टेपने सुरुवात करावी, पण निकाल टेपवर सोडू नये. पट्टा पुढून-पाठीमागून एका रेषेत आहे का, त्याखाली दोन बोटं जातात आणि जास्त जात नाहीत ना, दोन कपांमधला भाग छातीच्या हाडाला टेकतो का, कपाच्या कडेतून किंवा बगलेतून काही बाहेर येतं का, नवी ब्रा सर्वांत सैल हुकावर नीट बसते का (इलास्टिक पुढे ढिलं पडणारच, तेव्हा आतले हुक राखून ठेवायचे असतात), हात वर केल्यावर पट्टा वर सरकतो का, हे सगळं डोळ्यांनी पाहायचं असतं. लंडनच्या रिग्बी अँड पेलर या दुकानाने इंग्लंडच्या राणीची अंतर्वस्त्रं कित्येक वर्षं पुरवली, आणि त्या दुकानाची ख्यातीच अशी की तिथे टेप वापरत नाहीत, सराईत नजरेने माप ठरवतात. अशी नजर शिकवून तयार होते.

मग मोबाईलवर मागवायला काय हरकत आहे, असं हल्लीच्या मुली विचारतील. हरकत मुळीच नाही. २०११ साली बेंगळुरूत सुरू झालेल्या झिवामेसारख्या कंपन्यांनी लहान गावांतल्या मुलींसाठी मोठं काम केलं. दुकानदाराच्या नजरेची भीती गेली, ३० डी नावाचं माप जगात असतं हे प्रथमच कळलं. पण मोबाईल तक्त्यावरून आकडा सांगतो, तुमची पाठ त्याला दिसत नाही. एका कंपनीची ३२ सी दुसऱ्या कंपनीच्या ३२ सीसारखी बसेल याची खात्री नसते. आणि तक्ता वाचून इंचांचा हिशेब करणारी कॉलेजची मुलगी वेगळी, संकेश्वरच्या बाजारात भाजी विकणारी मावशी वेगळी. त्या मावशीला आपल्या शरीराबद्दल आपल्या बोलीत, मराठीत किंवा कन्नडमध्ये, समोर बसून विचारता आलं पाहिजे.

यापेक्षा गंभीर आक्षेप लाजेचा आहे. आमच्याकडच्या बायका माप देणारच नाहीत, असं दुकानदार सांगतात. पण याच बायका झंपराचं माप वर्षानुवर्षं देत आल्या आहेत, आणि पुष्कळदा पुरुष शिंप्याला. त्यांना अडवतो तो काउंटरपलीकडे उभा असलेला पुरुष, गिऱ्हाइकांनी भरलेलं दुकान, आणि सर्वांदेखत उघडलेलं खोकं. पडद्याआड बाई असली, टेप स्वतःच अंगाला लावायला दिली, पातळ बनियनवरून घालून बघायची सोय केली (यात स्वच्छतेचा प्रश्नही सुटतो), तर लाजेचा बराचसा भाग उरत नाही. एक गोष्ट मात्र कडक पाळावी लागेल, ती म्हणजे गुप्तता. रिग्बी अँड पेलरच्या संचालिकेने आपल्या आठवणींच्या पुस्तकात राजघराण्यातल्या गिऱ्हाइकांचा उल्लेख केला, तेव्हा २०१८ साली त्या दुकानाचा शाही परवाना काढून घेण्यात आला. निपाणीसारख्या, जिथे प्रत्येकजण प्रत्येकाला ओळखतो अशा गावात, हा नियम लंडनइतकाच काटेकोर हवा.

हे सगळं शहरी चोचले आहेत, असं म्हणणाऱ्यांशी माझा सर्वांत तीव्र मतभेद आहे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत आणि विड्यांच्या कामात हजारो बायकांनी आयुष्यं घालवली. १९८२ साली दीपा धनराज आणि युगांतर फिल्म कलेक्टिव्हने या तंबाखू कामगार स्त्रियांवर माहितीपट केला, तो त्यांनी उभारलेल्या संघटनेमुळे. तासन्‌तास वाकून चाळणं, निवडणं, ओझी उचलणं हे ज्यांचं काम, त्यांनाच अंगावर नीट बसणाऱ्या कपड्याची गरज जास्त. ऊसतोडीला जाणारीला खांद्यावरचे वळ परवडतात आणि ऑफिसात बसणारीला परवडत नाहीत, हा कुठला न्याय? भल्या पहाटे पोलीस भरतीसाठी रस्त्यावर धावणाऱ्या मुली घ्या. लष्करी पोलीस दलात स्त्रियांची भरती सुरू झाली तेव्हा २०१९ साली बेळगावात मेळावा भरला होता. २०१२च्या लंडन मॅरेथॉनमधल्या स्त्रियांच्या पाहणीत सुमारे एक तृतीयांश जणींनी स्तनांत वेदना होत असल्याचं सांगितलं होतं. आपल्या मुलींना हा त्रास होत नाही असं समजणं म्हणजे त्यांना कोणी विचारलंच नाही असं कबूल करणं आहे. दूध पाजणाऱ्या आईचं माप महिन्यामहिन्याला बदलतं. आणि स्तनाचा कर्करोग हा भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. ३ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते बेळगावात केएलई संस्थेच्या कर्करोग रुग्णालयाचं उद्घाटन झालं. शस्त्रक्रियेत एक स्तन गमावलेल्या स्त्रीला आत खिसा असलेली ब्रा आणि त्यात बसणारा कृत्रिम स्तन लागतो, आणि तो नीट बसवून देणारं माणूस लागतं. तिला "साईज काय?" विचारून भागत नाही.

राहिला दुकानदाराचा पैशाचा प्रश्न, आणि तो खरा आहे. ३० ते ४० असे सहा पट्टे, बी ते डीडी असे चार कप, म्हणजे २४ मापं. प्रत्येकात दोन प्रकार आणि दोन रंग ठेवले की ९६ नग, तेही एकेकच. लहान दुकानाचं एवढं भांडवल त्यात अडकवणं शक्य नाही. म्हणून तर सगळीकडे ३२, ३४ आणि ३६ बीच्या खोक्यांची उतरंड दिसते. पण शिकलेली बाई हाताशी असली की थोड्या मालात पुष्कळ भागतं. ३० डी नसेल तर ती ३२ सी काढून देईल आणि पाठीमागून पट्टा दोन इंच आत घेऊन देईल. मशीनवर बसणाऱ्या बाईला हे काम अवघड नाही. कपाला धक्का न लावता पट्टा कसा आखूड करायचा एवढंच तिला शिकवावं लागेल. दीडशे-दोनशे रुपयांची साधी सुती ब्रासुद्धा अशी बसवून घेता येते, तेव्हा महाग ब्रँडचीही अट नाही.

शिवणवर्ग बेळगावात गल्लोगल्ली आहेत, आणि ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांतही बायकांना शिवणकामाचं प्रशिक्षण मिळतं. त्या वर्गांत झंपर, पंजाबी ड्रेस, फ्रॉक शिकवतात. खासगी वर्गांत तरी चार दिवसांचा हा एक धडा घालायला कोणाची परवानगी लागत नाही. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसच्या तिकिटाला पैसे पडत नाहीत. निपाणी, चिकोडी, खानापूरहून बेळगावला येणं आता पैशासाठी अडत नाही, पण आल्यावर भेटायचं कोणाला, याचं उत्तर आज नाही. खडेबाजार आणि गणपत गल्लीतल्या होजिअरी दुकानदारांना माझी विनंती आहे : पुढचा माल भरण्याआधी शेजारच्या शिवणवर्गातली एक हुशार मुलगी पगारावर घ्या, पाठीमागे पडदा लावा, आणि दुकानाच्या पाटीवर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहा की इथे बाई माप घेते.