वहिवाट

माझ्या कपाटातील फायलींना एका दोरीत बांधणारा शब्द शोधायचा झाला, तर तो ‘वहिवाट’ हाच असेल. दोन भावांच्या शेतांमधला बांध, विहिरीकडे जाणारी पाऊलवाट, शेजाऱ्याच्या परड्यातून गाडी नेण्याचा हक्क. मालकी एकाची, पाय दुसऱ्याचे आणि वाद तीन पिढ्यांचा. असल्या वादांवर पोट भरणाऱ्या माणसाने निदान सुट्टीत तरी हद्दींपासून दूर जावे, हे उघड आहे. तथापि गेल्या जून महिन्यात मी सायकल घेऊन ज्या वाटेला लागलो, ती वाटच एक हद्द निघाली.

सायकलचे वेड मला बेळगावात कॉलेजात असल्यापासूनचे. त्या दिवसांत पहाटे निघून जांबोटी, कणकुंबी करीत चोर्ला घाट उतरायचा आणि साखळीत चहा घ्यायचा, हा आमचा ठरलेला पराक्रम. घाट तोच आहे, अरण्यही पुष्कळसे शिल्लक आहे. पण चाळिशी उलटल्यावर आपण आणि मागून येणारी मालमोटार यांत हातभर अंतर उरले की अरण्य दिसत नाही, मृत्युपत्र दिसते. म्हणून जर्मनीत आखेन येथे शिकत असलेल्या भाच्याने “मामा, मोटार नसलेला घाट दाखवतो,” असे लिहिले, तेव्हा मी फारशी उलटतपासणी न घेता होकार दिला.

या वाटेचे नाव फेनबान. ‘फेन’ म्हणजे त्या प्रदेशातील उंचावरची दलदल, ‘बान’ म्हणजे लोहमार्ग. आखेनचा कोळसा दक्षिणेकडे आणि लक्झेंबर्गकडचे लोखंड उत्तरेकडे न्यावे, या हेतूने प्रशियाने १८८५ ते १८८९ या काळात हा मार्ग टप्प्याटप्प्याने खुला केला. पुढे गाड्या थांबल्या, बहुतेक ठिकाणचे रूळ निघाले, आणि त्या भरावावर आज आखेनपासून लक्झेंबर्गमधील त्र्वाव्हिएर्झपर्यंत सुमारे १२५ किलोमीटरची सायकलवाट झाली आहे. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ सोसत नसे; त्या अशक्तपणाचा लाभ आता माझ्यासारख्यांच्या गुडघ्यांना मिळतो. शंभर हात गेल्यावर जेमतेम दोन हात चढ. आपण डोंगर चढतो आहोत, हे पायांना कळतच नाही. झाडे बदलतात तेव्हा डोळ्यांना कळते. आधी बीच आणि ओक, मग प्रशियाच्या वनखात्याने लावलेले स्प्रूसचे काळसर वन, आणि पश्चिमेला एकाएकी आकाश मोकळे होऊन ती दलदल: पिवळसर गवत, काळे पाणी, मधूनच पांढऱ्या फुलाऱ्याचे कापसासारखे झुबके. ओल्या मातीचा वास मात्र थेट कणकुंबीचा. मी दोनदा थांबून तो घेतला. भाच्याला वाटले, मामांना दम लागला.

रोएटगेन हे जर्मन गाव. तेथील जुन्या स्थानकाजवळ आम्ही पाणी प्यायला थांबलो, तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, तुम्ही आत्ता बेल्जियममध्ये उभे आहात.” मी इकडे पाहिले, तिकडे पाहिले. दोन्हीकडे जर्मन घरे, जर्मन कुंपणे, जर्मन टपालपेटी. परदेश होता तो फक्त आमच्या चाकांखाली.

प्रकार असा. पहिल्या महायुद्धापर्यंत हा सगळा मुलूख जर्मनीचा. १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने ऑयपेन आणि मालमेडी हे भाग बेल्जियमकडे गेले. त्या दोन भागांना जोडणारी गाडी मात्र मधल्या जर्मन गावांतून जात होती. गावे जर्मनीची राहिली, आणि सीमा आयोगाने रुळांची पट्टी तेवढी, भराव आणि स्थानकांसह, बेल्जियमला दिली! आमच्या तालुक्यात एखाद्या मोजणीदाराने असा नकाशा काढला असता, तर लोकांनी त्याला जेवू घातले नसते. पट्टीच्या पश्चिमेला राहिलेली जर्मन जमीन दोन्ही बाजूंनी बेल्जियमने वेढली गेली. आज असे पाच तुकडे आहेत. म्यूत्सेनिश हा त्यांतला सर्वांत मोठा, अख्ख्या गावाचा. र्‍यूकश्लाग नावाचा सर्वांत लहान, तो अवघ्या एका घराचा. घर, बाग, झाडे, आणि भोवती परराष्ट्र. त्या घरासमोर मी बराच वेळ उभा राहिलो. दोरीवर कपडे वाळत होते. चाळीस वर्षांच्या बांधाच्या दाव्यात साक्ष देऊन देऊन थकलेले माझे एक वृद्ध पक्षकार मला त्या अंगणात दिसू लागले.

हद्द आली की तिच्या पाठोपाठ जकात येते, आणि जकातीच्या पाठोपाठ चोरवाट. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत कॉफीवर जबर कर होता आणि बेल्जियममध्ये ती स्वस्त होती. १९४५ पासून कर उतरला त्या १९५३ सालापर्यंत या अरण्यातून पोत्यांनी कॉफी गेली. बायामाणसे, लहान मुलेसुद्धा त्यात होती. आणि गोळ्या झाडल्या गेल्या, माणसे मेली. जवळच्या श्मिट गावचे युद्धात पडलेले चर्च पुन्हा उभारताना चोरट्या कॉफीच्या पैशाचा हात लागला, म्हणून लोक त्याला थट्टेने ‘संत मोका’ म्हणतात. ही कथा ऐकताना मला आजोबांची आठवण झाली. गोवा पोर्तुगिजांकडे होता त्या काळी, म्हणजे १९६१ पूर्वी, ते कॅसलरॉक स्थानकावर कारकून होते. मुरगावहून घाट चढून येणारा तो लोहमार्ग १८८८ सालचा, फेनबानच्याच वयाचा. आणि कॅसलरॉक हे ब्रिटिश मुलखाच्या हद्दीवरचे ठाणे. अंबाड्यात विलायती घड्याळ खोवून आलेल्या एका बाईचे घड्याळ झडतीच्या वेळी टिकटिकू लागले, ही त्यांची आवडती गोष्ट. त्या बाईचे पुढे काय झाले, ते त्यांनी कधी सांगितले नाही.

माझ्यातल्या वकिलाला खरा आनंद झाला तो पुढच्या मुद्द्याने. पट्टी दिली होती ती रेल्वेसाठी. रूळच उखडले, तर दानाचा हेतू संपला. मग जमीन मूळ मालकाकडे परत जावी काय? २००८ च्या सुमारास वर्तमानपत्रांतून हा प्रश्न खरोखरच निघाला. दोन्ही देशांच्या परराष्ट्र खात्यांचे उत्तर एकच आले: पट्टी बेल्जियमचीच राहील. मालकीचा कागद तसूभरही बदलला नाही, कोणी जिंकले नाही, कोणी हरले नाही. दगड जागच्या जागी आहेत, एका अंगाला ‘बी’, दुसऱ्या अंगाला ‘डी’. दगडावर टेकून एक आजीबाई नातीच्या बुटाची नाडी बांधत होत्या. त्या कोणत्या राष्ट्राच्या, हे मी विचारले नाही. विचारावेसे वाटले, हे मात्र कबूल करतो.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. झांक्ट फिट हे १९४४ च्या नाताळातील बाँबफेकीत जमीनदोस्त झालेले गाव आज नीटनेटके, पण निर्विकार आहे. शेवटचा बोगदा वटवाघळांसाठी राखून ठेवल्यामुळे तेवढी टेकडी वरून ओलांडावी लागली. तेथे प्रथमच घाम आला.

घरी आल्यावर मी नकाशा आप्पांपुढे पसरला. आप्पांच्या पलंगाखाली सीमाप्रश्नाच्या कात्रणांच्या चार पेट्या आहेत. १९५६ ची राज्यपुनर्रचना, १९६६ साली नेमलेला महाजन आयोग, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा, सारे तारीखवार. मी वकील व्हावे हा त्यांचा हट्ट त्या पेट्यांतूनच निघाला होता, आणि मी कैक वर्षांत त्या उघडलेल्या नाहीत, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.

भिंग घेऊन त्यांनी ती बारीक पट्टी आखेनपासून खाली पाहत आणली.

“शेवटी कुणाकडं गेलं म्हणायचं हे?”

“बेल्जियमकडं. अजून.”

“आणि गावं?”

“जर्मनीची.”

र्‍यूकश्लागच्या ठिपक्यावर भिंग थांबले. “ह्या घरातली पोरं शाळेला कुठनं जायची?”

“पट्टी ओलांडून.”

“म्हणजे रोज दोनदा परदेश.”

“रोज दोनदा.”

त्यांनी भिंग पुसून ठेवले. “चढ फार होता काय रे?” “नाही आप्पा,” मी म्हटले, “कळतसुद्धा नाही.” मग त्यांनी नकाशाची घडी घातली, मला वाकून दुसरी पेटी ओढायला सांगितली आणि महाजन अहवालाच्या कात्रणांवर ती घडी ठेवून झाकण लावले.