प्रश्नचिन्हाची ओळख

उपनगरात राहणाऱ्या कुणालाही पावसाळ्यात एक शब्द समजावून सांगावा लागत नाही: लेप्टो. अंधेरी सबवे तुंबला की व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तोच. उंदरांच्या लघवीतून हा जिवाणू पाण्यात येतो आणि पायाच्या एखाद्या चिरेतून आपल्या अंगात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला, त्यानंतर लेप्टोची मोठी साथ आली.

मी घाटकोपरची, मायक्रोबायोलॉजी शिकलेली. बाबा गुडघाभर पाण्यातून घरी आले आणि आठवड्यानं तापले, तेव्हा आई माझ्याकडे बघून म्हणाली, "तू शिकलीस ना, सांग काय आहे." डॉक्टरांनी रिपोर्टची वाट न बघता गोळ्या सुरू केल्या. ते बरोबरच होतं. रक्तात अँटिबॉडी दिसायला साधारण आठवडा लागतो. जिवाणूचा जीन पीसीआरमध्ये त्याआधी सापडू शकतो.

पण कुठला जीन? लेप्टोस्पायरा इंटरोगॅन्सचं टोक आकड्यासारखं वळलेलं असतं, प्रश्नचिन्हासारखं. १९०७ मध्ये स्टिमसननं त्यावरूनच हे नाव दिलं. पंचाईत अशी, की त्याच डबक्यातले निरुपद्रवी भाऊबंदही असेच दिसतात. फरक करतो बाहेरच्या आवरणातल्या प्रोटीनचा जीन, लिपएल३२. तो रोगकारक प्रजातींत असतो, बायफ्लेक्सासारख्या निरुपद्रवी प्रजातीत नसतो.

वंशावळ मांडणं मात्र इतकं सोपं नाही. लिपएल३२ प्रजातीगणिक फारच थोडा बदलतो. उलट ओएमपीएल१ या दुसऱ्या आवरण-प्रोटीनचा जीन म्हणजे गोधडी: २००४ च्या एका अभ्यासात त्यात दुसऱ्या प्रजातींकडून आलेले तुकडे सापडले. एकट्या त्याच्यावर विसंबलं तर शेजारी सख्खा भाऊ ठरेल. म्हणून अनेक जीन एकत्र वाचावे लागतात.

गंमत पुढेच आहे. २००९ मध्ये लिपएल३२ काढून टाकलेल्या जिवाणूनंही हॅमस्टर आजारी पडले. २०१३ मध्ये दिसलं, की हे प्रोटीन बहुतांशी पृष्ठभागाच्या आतल्या बाजूला असतं. म्हणजे ज्याच्यावरून आपण ओळखतो, त्याचं नेमकं काम अजून कोडंच आहे. तरी ओळख पटते, आणि तापलेल्या माणसाला तेवढी पुरते.

बाबा बरे झाले. तुम्ही मात्र ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: "मी पाण्यातून चाललो होतो."