चढणारी मोटार, न थांबणारी मोटार

दर हिवाळ्यात हिमाचल प्रदेशातून एक बातमी हमखास येते. अटल बोगद्याच्या दक्षिण तोंडाकडे जाणाऱ्या सोलंग-धुंदीच्या रस्त्यावर बर्फ साचतो, वाहने घसरू लागतात आणि पोलीस पुढे केवळ फोर-व्हील ड्राइव्ह किंवा चाकांना साखळ्या लावलेली वाहने सोडतात. हा नियम योग्यच आहे. परंतु त्यावरून आपण जो निष्कर्ष काढतो, की अशी मोटार बर्फावर सुरक्षित असते, तो चुकीचा आहे. भौतिकशास्त्रातील डॉक्टरेट गाठीशी असताना मीही एकदा तोच निष्कर्ष काढला होता. त्याची ही कबुली.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरच्या अखेरीस महाविद्यालयापासूनच्या एका मित्राबरोबर मी मनालीहून निघाले. त्याची मोटार नवी होती. चारशेहून अधिक अश्वशक्तीची, चारही चाकांना शक्ती पुरवणारी, स्पोर्ट्स कारच्या जातकुळीतली. नाक्यावर लहान मोटारी एका रांगेत थांबवल्या होत्या. आम्हाला पुढे जाण्याची खूण झाली. मित्राच्या चेहऱ्यावर आलेले समाधान मला दिसले आणि, खोटे कशाला सांगू, थोडे माझ्याही मनात उमटले. चढावर मोटार रुळावरून जावी तशी निघाली. मी त्याला घर्षणाचे गणित समजावून सांगू लागले.

ते गणित असे. मोटारीला पुढे ढकलते ते रस्त्याचे घर्षण. इंजिन केवळ ते मागून घेते. प्रत्येक चाकाला मिळू शकणाऱ्या घर्षणबलाची कमाल मर्यादा साधारणपणे घर्षणांक आणि त्या चाकावरील भार यांच्या गुणाकाराइतकी असते. शक्ती दोनच चाकांना दिली, तर मोटारीचा साधारण अर्धाच भार कामी येतो आणि उरलेली दोन चाके नुसती फिरतात. चारही चाकांना दिली, तर संपूर्ण भार उपयोगी पडतो. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरचा घर्षणांक 0.8 ते 1 असतो. घट्ट दाबलेल्या बर्फावर तो 0.2 च्या आसपास येतो. रस्ता जितका निसरडा, तितका हा अर्ध्या-पूर्ण भाराचा फरक निर्णायक ठरतो.

स्पोर्ट्स कारच्या इतिहासाला हे एकाएकी उमगले नाही. 1961 मध्ये ट्रॅक्टरसाठी प्रसिद्ध असलेल्या हॅरी फर्ग्युसन यांच्या कंपनीची पी-99 ही मोटार घेऊन स्टर्लिंग मॉस यांनी औल्टन पार्कची शर्यत ओल्या रस्त्यावर जिंकली. फॉर्म्युला वन मोटारींच्या शर्यतीत फोर-व्हील ड्राइव्हचा तो एकमेव विजय. 1969 मध्ये लोटस, मॅक्लारेन आणि मात्रा यांनी पुन्हा प्रयत्न केला. पण तोवर पंख आणि रुंद टायर यांमुळे पकड वाढली होती, जादा यंत्रणेचे वजन परवडेना. जागतिक स्पर्धेत त्या साऱ्या खटपटीची कमाई केवळ एक गुण.

चित्र पालटले ते बर्फामुळेच. 1976-77 च्या हिवाळ्यात फिनलंडमधील चाचण्यांत अवघ्या 75 अश्वशक्तीचे इल्टिस हे लष्करी वाहन अधिक शक्तिशाली मोटारींना मागे टाकत आहे, हे ऑडीचे अभियंते यॉर्ग बेन्सिंगर यांच्या लक्षात आले. त्यातून 1980 मध्ये 200 अश्वशक्तीची क्वाट्रो जन्मली. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा अधिक अंतर कापतात; दोन्ही आस एकमेकांशी घट्ट जोडले, तर यंत्रणेत पीळ साचतो. म्हणून मध्ये डिफरन्शियल हवे. क्वाट्रोत ते गिअरबॉक्सला जोडून बसवले आणि पुढच्या चाकांकडे जाणारा दांडा एका पोकळ दांड्याच्या आतून परत आणला. 1981 मध्ये याच मोटारीने मिशेल मूतोँ यांनी सानरेमो रॅली जिंकली. जागतिक रॅली जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला. 1989 च्या निस्सान स्कायलाइन जीटी-आरने आणखी पुढचे पाऊल टाकले. एरवी शक्ती मागच्या चाकांना. ती घसरू लागली, की संवेदकांच्या इशाऱ्यावर क्लच आवळून निम्म्यापर्यंत टॉर्क पुढे. आजच्या विजेच्या वेगवान मोटारींत हाच निर्णय काही मिलिसेकंदांत होतो.

हे सारे मी सांगत होते. ब्रेकविषयी एक शब्दही बोलले नव्हते.

परतताना उतार लागला. एका वळणापलीकडे एक लहान मोटार आडवी अडकली होती. एक बाई कडेवर मूल घेऊन तिच्यातून उतरत होती. मित्राने ब्रेक दाबला. पायाखाली ब्रेक थरथरू लागले, यंत्रणा आपले काम चोख करत होती, आणि मोटार जवळजवळ त्याच वेगाने खाली जात राहिली. कडेला साचलेल्या बर्फाच्या ढिगाऱ्यात त्याने ती घातली, म्हणून ती थांबली. त्या बाईपासून अंतर दोन हातांचे असेल. तिने आमच्याकडे पाहिले ती नजर मी विसरलेले नाही.

त्या रात्री मनालीत मी कागदावर ते गणित मांडले, जे सकाळी मांडायला हवे होते. ब्रेक प्रत्येक मोटारीला चारही चाकांना असतात. म्हणजे थांबताना सर्वच मोटारी फोर-व्हील ड्राइव्ह असतात. महागड्या यंत्रणेने तिथे जवळपास काहीच वाढत नाही. ताशी 40 किलोमीटर वेगाने धावणारी मोटार कोरड्या सपाट रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून सुमारे 8 मीटरमध्ये थांबते. 0.2 घर्षणांकाच्या बर्फावर तिला 31 मीटर लागतात. दहा मीटरला एक मीटर असा उतार असेल, तर गुरुत्वाकर्षण घर्षणाचा निम्मा वाटा खाऊन टाकते आणि अंतर 63 मीटर होते. घर्षणांक 0.1 वर आला, तर मोटार थांबतच नाही.

आता तोच रस्ता चढाचा समजा. ज्या बर्फावर दोन चाकांची मोटार जेमतेम चढते किंवा खालीच अडकते, त्यावर चार चाकांची सहज वर जाते. पहिलीला रस्ताच अडवतो. तिची फिरकी घेणारी चाके चालकाला सांगतात, की पुढे धोका आहे. दुसरीच्या चालकाला ती सूचना मिळतच नाही. चढण्याची सीमा दुप्पट झालेली असते, थांबण्याची होती तिथेच असते, आणि वरून खाली तर यायचेच असते. आमच्या मोटारीला उन्हाळी टायर होते, जे थंडीत कडक होतात. मऊ रबराच्या हिवाळी टायरमुळे घर्षणांकच वाढतो. म्हणून ते चढतानाही उपयोगी आणि थांबतानाही. मोटारीवर एवढा खर्च करणाऱ्या मित्राने आणि त्याला भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या मी टायरकडे पाहिलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी लाहौलच्या एका वयस्क टॅक्सीचालकांना मी हे सांगितले. ते हसले नाहीत. म्हणाले, "मॅडम, गाडी कशी चढते ते पाहून रस्ता कळत नाही. मोकळी जागा पाहून, मागेपुढे कोणी नसताना, हळू वेगात एकदा ब्रेक लावून बघायचा. मग ठरवायचे."

मी नोकरीत मोजमापे करूनच पोट भरते. घर्षणांक मोजण्याचा इतका साधा प्रयोग मला सुचला नव्हता.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 1,68,491 माणसे रस्त्यांवर मृत्युमुखी पडली. त्यांतील सुमारे 71 टक्के मृत्यू अतिवेगाशी निगडित होते. मोटारींच्या जाहिरातींत शून्य ते शंभरचे सेकंद ठळक छापलेले असतात. शंभर ते शून्यचे मीटर आपण विचारतो का? विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वेळी कुणी अश्वशक्ती सांगू लागले, की हा प्रश्न अवश्य विचारा. मी त्या दिवशी विचारला नव्हता.